२१४७४८३६४७ : इंटची कमाल मर्यादा आणि एक मूळ संख्या

२,१४,७४,८३,६४७. वाचायचं झालं तर २ अब्ज १४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. जावा शिकलेल्या प्रत्येकाने हा आकडा कधीतरी पाहिलेला असतो. ३२ बिटच्या इंटमध्ये मावणारी ही सर्वांत मोठी संख्या. एक बिट चिन्हासाठी जातो, उरलेले ३१ बिट सगळे १. म्हणून किंमत येते २ चा ३१वा घात वजा १.

ही मूळ संख्या आहे

२ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. ३, ७, ३१, १२७ अशा क्रमाने ही आठवी. हिला २ च्या ३०व्या घाताने गुणलं की २३०५८४३००८१३९९५२१२८ मिळते. ही आठवी परिपूर्ण संख्या, म्हणजे स्वतःला सोडून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज पुन्हा तीच!

ऑयलरने हे कसं दाखवलं?

मूळ आहे का हे बघायला वर्गमूळापर्यंत, म्हणजे ४६३४० पर्यंत भागून पाहावं लागतं. पण ऑयलरने १७७२ मध्ये दाखवलं की हिचा कुठलाही मूळ विभाजक असलाच, तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरेल. अशा संख्या ४६३४० पर्यंत, ६३ सोडून, फक्त ३७२ आहेत. एकानेही भाग जात नाही. संपला विषय.

प्रोग्राममध्ये मात्र गंमत होते

इंटरव्ह्यू घेताना मी मूळ संख्या तपासणारा कोड लिहायला सांगतो आणि इनपुट म्हणून मुद्दाम हीच संख्या देतो. बहुतेक जण लूपची अट लिहितात: 'आय गुणिले आय हे एनपेक्षा लहान किंवा समान असेपर्यंत'. दिसायला बरोबर आहे. पण आय ४६३४१ झाला की वर्ग २१४७४८८२८१ होतो, तो इंटमध्ये मावत नाही, आणि जावा त्याचं −२१४७४७९०१५ करून टाकतं. ही ऋण संख्या एनपेक्षा लहानच! खरं तर कुठलाही इंट या एनपेक्षा मोठा असूच शकत नाही, म्हणजे अट कधीच खोटी होत नाही. लूप चालत चालत आय थेट एनपर्यंत पोहोचतो, एनला एनने भाग जातो आणि उत्तर येतं 'मूळ नाही'. एरर नाही, क्रॅश नाही, सरळ चुकीचं उत्तर.

उपाय दोन. गुणाकार लाँगमध्ये करा, किंवा अट 'आय हा एन भागिले आयपेक्षा लहान किंवा समान' अशी फिरवून लिहा.

हीच मर्यादा घड्याळातही

१ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटमध्ये मोजणाऱ्या सिस्टिम १९ जानेवारी २०३८ ला, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी या संख्येवर पोहोचतील. पुढच्या सेकंदाला तारीख उलटून थेट १९०१ मध्ये जाईल. जुन्या उपकरणांवर चालणारा कोड तुमच्याकडे असेल, तर वेळ साठवणारं व्हेरिएबल किती बिटचं आहे हे आजच बघून घ्या.