बायसेप-२ प्रयोग

बायसेप-२ हा दक्षिण ध्रुवावर २०१० ते २०१२ या काळात चालविला गेलेला खगोलशास्त्रीय प्रयोग होय. विश्वाच्या बाल्यावस्थेतून आपल्यापर्यंत पोहोचणाऱ्या सूक्ष्मतरंग प्रकाशात विश्वस्फीतीच्या खुणा शोधणे हा त्याचा हेतू होता. अशी खूण सापडल्याचे प्रयोगकर्त्या गटाने १७ मार्च २०१४ रोजी जाहीर केले आणि ती बातमी जगभर गाजली. वर्ष उलटण्यापूर्वीच, ३० जानेवारी २०१५ रोजी, त्याच गटाने युरोपीय प्लांक उपग्रहाच्या गटाबरोबर केलेले संयुक्त विश्लेषण प्रसिद्ध झाले. दिसलेल्या संकेताचा मोठा भाग आपल्याच आकाशगंगेतील धुळीपासून आलेला आहे, असे त्यातून निष्पन्न झाले. दुर्बिणीचे मोजमाप चुकलेले नव्हते, चुकला होता तो त्याचा लावलेला अर्थ. वृत्तपत्रांतून या दोन गोष्टींची पुष्कळदा गल्लत झालेली आढळते.

पार्श्वभूमी

महास्फोटानंतर सुमारे ३,८०,००० वर्षांनी विश्व पुरेसे थंड झाले, इलेक्ट्रॉन व अणुकेंद्रे एकत्र येऊन अणू बनले आणि तोपर्यंत कोंडलेला प्रकाश मोकळा झाला. सुमारे १,३८० कोटी वर्षांच्या प्रवासात विश्वाच्या प्रसरणामुळे त्याची तरंगलांबी ताणली गेली. आज तो सर्व दिशांकडून येणाऱ्या सूक्ष्मतरंगांच्या रूपात आढळतो आणि त्याचे तापमान २.७२५ केल्विन एवढे भरते. यालाच वैश्विक सूक्ष्मतरंग पार्श्वप्रारण म्हणतात.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या आर्नो पेन्झियास व रॉबर्ट विल्सन यांना १९६४-६५ मध्ये हे प्रारण अनपेक्षितपणे सापडले. आपल्या अँटेनात सतत येणारी खरखर कशाची, हे त्यांना उमगत नव्हते. अँटेनात घरटे केलेल्या कबुतरांची विष्ठासुद्धा त्यांनी साफ करून पाहिली, तरी खरखर थांबली नाही. जवळचा वाटलेला गोंगाट विश्वाच्या आरंभाचा निघाला. बायसेप-२ च्या बाबतीत नेमके याच्या उलट घडले.

हे प्रारण सर्व दिशांना जवळजवळ सारखेच आहे. त्यातील चढउतार लाखात एका भागाएवढे असून ते प्रथम कोबे उपग्रहाच्या निरीक्षणांतून १९९२ मध्ये दिसले. एवढे सारखेपण आले कोठून, हा खरा प्रश्न होता. साध्या महास्फोट सिद्धांतानुसार आकाशात एक-दोन अंशांहून अधिक अंतरावर असलेल्या भागांचा, प्रारण मोकळे झाले त्या काळापर्यंत, परस्परांशी कधी संपर्कच आलेला नव्हता. मग त्यांचे तापमान जुळावे कसे?

अलेक्सेई स्टारोबिन्स्की (१९८०) व अ‍ॅलन गुथ (१९८१) यांनी स्वतंत्रपणे मांडलेल्या कल्पनांतून यावर एक उत्तर पुढे आले. आंद्रेई लिंडे, आंद्रेआस आल्ब्रेख्ट आणि पॉल स्टाइनहार्ट यांनी १९८२ मध्ये त्यात महत्त्वाच्या सुधारणा केल्या. या मतानुसार विश्वाच्या पहिल्या सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशात अवकाश अतिप्रचंड वेगाने फुगले. एकावर सव्वीस शून्ये मांडल्यास जी संख्या येते, तितक्या पटींनी किंवा त्याहूनही अधिक अंतरे वाढली. आज दूरदूर दिसणारे भाग त्यापूर्वी एकमेकांना लागून होते, म्हणून त्यांचे तापमान जुळते. या घटनेला इंग्रजीत इन्फ्लेशन म्हणतात. त्यासाठी मराठीत ‘चलनवाढ’ हा अर्थशास्त्रातील रूढ शब्द अर्थातच चालणार नाही. या लेखात ‘विश्वस्फीती’ हा शब्द वापरला आहे.

ध्रुवण आणि बी-प्रकारचा आकृतिबंध

स्फीती खरोखर घडली असेल, तर तिने अवकाशातच लहरी उठविल्या असल्या पाहिजेत. त्यांना आदिम गुरुत्वीय तरंग म्हणतात. हे तरंग आज थेट मोजता येण्याजोगे उरलेले नाहीत. तथापि पार्श्वप्रारण मोकळे होत असताना त्यांनी त्याच्या ध्रुवणावर ठसा उमटविला असावा, असे गणिताने दाखविता येते.

प्रकाशतरंगाचे आंदोलन एका विशिष्ट दिशेत अधिक होत असेल, तर तो प्रकाश ध्रुवित आहे असे म्हणतात. पाण्यावरून परावर्तित झालेली तिरीप पोलरॉइड चष्म्यातून पाहिली असता मंद होते, याचे कारण ती ध्रुवित असते. पार्श्वप्रारणही मुक्त इलेक्ट्रॉनांवरून विखुरताना थोडेसे ध्रुवित झाले. आकाशाच्या प्रत्येक बिंदूपाशी ध्रुवणाची दिशा दाखविणारी एक आखूड रेघ काढली, तर त्या रेघांचे दोन प्रकारचे आकृतिबंध संभवतात. पहिल्या प्रकारात रेघा एखाद्या केंद्राभोवती वर्तुळाकार किंवा केंद्रातून निघणाऱ्या किरणांसारख्या मांडलेल्या असतात. आरशात पाहिले तरी ही आकृती बदलत नाही. हा ई-प्रकार होय. दुसऱ्या प्रकारात रेघांना भोवऱ्यासारखा डावा किंवा उजवा पीळ असतो, आणि आरशात तो पीळ उलटा दिसतो. हा बी-प्रकार होय.

या विभागणीचे महत्त्व असे, की द्रव्याच्या घनतेतील चढउतार केवळ ई-प्रकार निर्माण करतात, तर गुरुत्वीय तरंग दोन्ही प्रकार निर्माण करतात. ही गोष्ट १९९७ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवून दिली. एका गटात मार्क कामिओन्कोव्स्की, आर्थर कोसोव्स्की व अल्बर्ट स्टेबिन्स होते, तर दुसऱ्यात उरोश सेल्याक व मातियास साल्दारियागा. ई-प्रकार दक्षिण ध्रुवावरील डासी या उपकरणाला २००२ मध्ये आढळला. बी-प्रकाराचा आदिम भाग मात्र अद्याप सापडलेला नाही.

बी-प्रकार दुसऱ्या एका मार्गानेही निर्माण होतो. वाटेतील दीर्घिकासमूहांच्या गुरुत्वाकर्षणामुळे प्रकाशकिरण किंचित वाकतात व ई-प्रकाराचा काही भाग बी-प्रकारात बदलतो. हा परिणाम साउथ पोल टेलिस्कोपने २०१३ मध्ये टिपला. सुदैवाने तो मुख्यतः लहान कोनांवर दिसतो. आदिम तरंगांचा ठसा सुमारे दोन अंशांच्या पल्ल्यावर, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या साधारण चौपट रुंदीच्या भागांत, ठळक असावा अशी अपेक्षा आहे.

आदिम गुरुत्वीय तरंगांचे बळ घनतेतील चढउतारांच्या तुलनेत किती, हे ‘आर’ या गुणोत्तराने सांगितले जाते. आर मिळाला, तर स्फीतीच्या वेळची ऊर्जा कळते. तो ०.२ च्या आसपास असता, तर ती ऊर्जा आजच्या सर्वांत मोठ्या कणत्वरकाच्या ऊर्जेच्या लाख कोटी पटींहूनही अधिक ठरली असती. पृथ्वीवरील कोणत्याही यंत्राला ही ऊर्जा गाठणे शक्य नाही. या संकेतासाठी एवढी धडपड का होते, ते यावरून समजावे.

दुर्बीण आणि निरीक्षणे

प्रयोगाचे नाव ‘पार्श्वप्रारणाच्या ध्रुवणाचे चित्रण’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून तयार केले आहे. दंडाच्या स्नायूच्या नावाशी असलेले त्याचे साम्य सहज लक्षात येते. प्रकल्पाचे नेतृत्व जॉन कोव्हॅक, क्लेम प्राइक, जेमी बॉक व चाओ-लिन कुओ यांच्याकडे होते.

दुर्बिणीचे छिद्र अवघे २६ सेंटिमीटर होते. दोन अंशांचे आकृतिबंध पाहण्यासाठी मोठ्या आरशाची गरज नसते. गरज असते ती स्थैर्याची आणि संवेदनशीलतेची. परम शून्याच्या वर पाव अंशाच्या आसपास थंड केलेले ५१२ शोधक १५० गिगाहर्ट्झ या एकाच कंप्रतेवर आकाश न्याहाळत होते. सुमारे २,८०० मीटर उंचीवरील ध्रुवीय पठारावर हवा अत्यंत कोरडी असते. सूक्ष्मतरंग शोषणारी बाष्पे तेथे नगण्य असतात, आणि सहा महिन्यांच्या रात्रीत वातावरण विलक्षण स्थिर राहते. तीन वर्षे आकाशाचा जवळपास एक शतांश भाग पुनःपुन्हा पाहून तयार झालेल्या नकाशात, एका चौरस अंशामागे, ८७ नॅनोकेल्विन एवढीच अनिश्चितता उरली होती. ध्रुवणाचा इतका बारकाईचा नकाशा त्यापूर्वी कोणाजवळही नव्हता.

घोषणा आणि पडताळणी

मार्च २०१४ मध्ये हार्वर्ड-स्मिथसोनियन खगोलभौतिकी केंद्रात झालेल्या पत्रकार परिषदेत आरचे मूल्य ०.२० असल्याचे जाहीर झाले. आर शून्य असण्याची शक्यता संख्याशास्त्राच्या दृष्टीने जवळजवळ नाहीशी झाली होती. कुओ यांनी लिंडे यांच्या दारी जाऊन ही वार्ता सांगितल्याची चित्रफीत लाखो लोकांनी पाहिली. आपण हे केवळ सुंदर आहे म्हणून तर खरे मानीत नाही ना, अशी शंका त्याच चित्रफितीत लिंडे यांनी बोलून दाखविली होती, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात राहिले नाही.

अडचण धुळीची होती. ताऱ्यांमधील अवकाशात धुळीचे लांबट कण असतात. आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ते एका विशिष्ट दिशेने मांडले जातात, आणि त्यांच्यापासून निघणारे सूक्ष्मतरंग ध्रुवित असतात. चुंबकीय क्षेत्राच्या गुंतागुंतीमुळे त्यातही बी-प्रकाराचा पीळ येतो. धूळ व पार्श्वप्रारण यांतील भेद ओळखण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे अनेक कंप्रतांवर निरीक्षण करणे. कारण कंप्रता वाढते तशी धूळ पार्श्वप्रारणाच्या तुलनेत अधिकाधिक उजळ होत जाते. बायसेप-२ पाशी एकच कंप्रता होती. पूर्वीच्या बायसेप-१ ची १०० गिगाहर्ट्झची निरीक्षणे हाताशी होती, पण ती पुरेशी संवेदनशील नव्हती. निवडलेला भाग धुळीपासून बराचसा मुक्त आहे, असे तत्कालीन प्रतिमाने सुचवीत होती, आणि गटाने त्यांवर विसंबून निष्कर्ष काढला. त्यांतील एक प्रतिमान तर प्लांक गटाने एका व्याख्यानात दाखविलेल्या प्राथमिक नकाशाच्या चित्रावरून तयार केलेले होते.

मे २०१४ मध्ये राफाएल फ्लॉगर, कॉलिन हिल व डेव्हिड स्परगेल यांनी याच मुद्द्यावर बोट ठेवले. संपूर्ण संकेत धुळीचाही असू शकेल, असे त्यांचे म्हणणे होते. जूनमध्ये फिजिकल रिव्ह्यू लेटर्स या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात गटाने आपला दावा सौम्य केला. सप्टेंबरमध्ये प्लांक गटाने ३५३ गिगाहर्ट्झच्या निरीक्षणांवरून त्याच भागातील धुळीचा अंदाज प्रसिद्ध केला. १५० गिगाहर्ट्झवर तेवढी धूळ बायसेप-२ च्या संकेताएवढीच भरत होती. पुढे संयुक्त विश्लेषणात ‘आर ०.१२ पेक्षा कमी’ अशी, ९५ टक्के विश्वासपातळीवरील, केवळ वरची मर्यादा उरली. आर शून्य नाही असे म्हणण्यास आधार राहिला नाही; आणि तो शून्यच आहे, असेही सिद्ध झाले नाही.

शोधनिबंधाची तज्ज्ञांकडून छाननी होण्याआधी पत्रकार परिषद घेतल्याबद्दल गटावर टीका झाली. ती अनाठायी म्हणता येणार नाही. परंतु गटाने आपली सामग्री खुली केली आणि नंतर प्रतिस्पर्धी गटाबरोबर बसून स्वतःचाच निष्कर्ष तपासला, याचीही नोंद घेतली पाहिजे.

वाद

स्फीतीच्या आद्य प्रवर्तकांपैकी असूनही पुढे तिचे टीकाकार बनलेले स्टाइनहार्ट यांनी या निमित्ताने एक मूलभूत आक्षेप घेतला. आर मोठा आला तरी स्फीती सिद्ध आणि न आला तरी ती अबाधित, असे असेल तर हा सिद्धांत कसोटीला उतरतो असे म्हणावे कसे? यावर समर्थकांचे उत्तर असे, की स्फीती हा एक सिद्धांत नसून प्रतिमानांचे कुटुंब आहे आणि त्यातील एकेक सदस्य निरीक्षणांनी बाद होत आहे. ही प्रक्रिया प्रत्यक्षात चालू आहे, हे खरे. मूळ आक्षेप मात्र त्याने पुरता निकालात निघत नाही.

पुण्यातील आयुका या संस्थेचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर हे स्फीती व महास्फोट या दोहोंचेही टीकाकार होते. फ्रेड हॉइल व जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या स्थिरवत् स्थिती सिद्धांतात पार्श्वप्रारण हा ताऱ्यांचा प्रकाश असून धातूच्या सुईसारख्या कणांनी तो शोषून पुन्हा उत्सर्जित केला आहे, असे स्पष्टीकरण होते. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांनी ते स्वीकारले नाही.

नंतरचे प्रयोग

केक अ‍ॅरे, बायसेप-३ व बायसेप अ‍ॅरे या पुढील दुर्बिणींनी वेगवेगळ्या कंप्रतांवर निरीक्षणे केली. २०१८ पर्यंतची सामग्री वापरून २०२१ मध्ये आर ०.०३६ पेक्षा कमी असल्याचे जाहीर झाले. त्यामुळे स्फीतीची काही साधी व एके काळी लोकप्रिय असलेली प्रतिमाने मागे पडली. स्टारोबिन्स्की यांच्या प्रतिमानानुसार आर ०.००३ ते ०.००४ च्या घरात यावा. तिथवर पोहोचण्यास संवेदनशीलता आणखी सुमारे दहा पटींनी वाढावी लागेल.

चिलीतील अटाकामा वाळवंटात, सुमारे ५,२०० मीटर उंचीवर, सायमन्स वेधशाळा उभारण्यात आली आहे. भारतीय वैज्ञानिकांच्या एका गटाने इस्रोपुढे ‘सीएमबी-भारत’ या अंतराळ मोहिमेचा प्रस्ताव ठेवला आहे. जपानच्या नियोजित लाइटबर्ड उपग्रहावर ३४ ते ४४८ गिगाहर्ट्झ या पल्ल्यातील १५ कंप्रतापट्टे असून त्यांपैकी वरचे पट्टे मुख्यतः धूळ मोजण्यासाठी आहेत.