उद्योगसंस्थेतून मतपेटीकडे : मिनू मसानी आणि स्वतंत्र पक्ष

स्वतंत्र पक्षाविषयी लिहिताना 'मुंबईच्या भांडवलदारांचा पक्ष' हा शिक्का पुष्कळदा विचार न करताच वापरला जातो. १९५९ साली पक्ष जन्मास आला तेव्हा त्याच्या विरोधकांनी हा शिक्का मारला आणि तोच पुढे अभ्यासकांच्याही लेखणीत उतरला. त्याला आधार म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते ते पक्षाचे सरचिटणीस मिनू मसानी. टाटा उद्योगसमूहात अधिकारी म्हणून काम केलेला मनुष्य समाजवादाविरुद्ध निवडणूक लढवितो, यात भांडवलशाहीचा हात उघड दिसतो, असा हा युक्तिवाद आहे. तो दिसतो तितका सरळ नाही. मसानी कोणत्या मतदारसंघांतून निवडून आले आणि कोणाच्या मतांवर, हे पाहिले म्हणजे चित्र बरेच बदलते.

मसानी यांचा जन्म १९०५ साली मुंबईस झाला. त्यांचे वडील सर रुस्तम मसानी मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर व पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. लंडनमधील शिक्षण आटोपून बॅरिस्टर होऊन परतलेला हा तरुण सविनय कायदेभंगाच्या चळवळीत नाशिकच्या तुरुंगात गेला आणि तेथेच जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता यांच्या सहवासात काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना आकारास आली. १९३४ साली स्थापन झालेल्या या पक्षाच्या संस्थापकांत मसानी होते. मॉस्कोतील राजकीय खटल्यांनी त्यांचा रशियावरील विश्वास उडाला आणि कम्युनिस्टांशी सहकार्य करण्याच्या धोरणाशी न पटल्याने १९३९ च्या सुमारास ते पक्षातून बाहेर पडले. १९४१ साली ते टाटांच्या सेवेत दाखल झाले. म्हणजे त्यांचे मतांतर आधीचे आणि नोकरी नंतरची. हा क्रम ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे, कारण नोकरीने मत घडविले असा समज त्यांच्या टीकाकारांनी रूढ केला.

पुढे मुंबईचे महापौर, घटना समितीचे सभासद, ब्राझीलमधील राजदूत अशी पदे त्यांनी भूषविली. १९५७ च्या निवडणुकीत ते लोकसभेवर निवडून गेले ते मुंबईतून नव्हे, तर राँचीहून, आणि तेही जयपालसिंग यांच्या झारखंड पक्षाच्या पाठिंब्यावर. बॅरिस्टर आणि उद्योगसमूहातील अधिकारी असलेला एक पारशी गृहस्थ छोटा नागपुरातील आदिवासींच्या मतांवर संसदेत पोहोचला, ही घटना वरवर चमत्कारिक वाटते. परंतु तिच्यात पुढील सर्व इतिहासाचे बीज आहे. मसानींपाशी वक्तृत्व होते, आर्थिक प्रश्नांचा अभ्यास होता. स्वतःची अशी मते मात्र नव्हती. ती दुसऱ्या कोणाकडून तरी मिळवावी लागत.

जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसने नागपूर अधिवेशनात संयुक्त सहकारी शेतीचा ठराव केला. त्याच वर्षी जूनमध्ये मद्रास येथे स्वतंत्र पक्षाची घोषणा झाली आणि ऑगस्टमध्ये मुंबईस पूर्वतयारीची परिषद भरली. राजाजी पक्षाचे गुरुस्थानी, शेतकऱ्यांचे नेते रंगा अध्यक्ष आणि मसानी सरचिटणीस, अशी वाटणी होती. इंग्लंडातील हुजूर पक्षासारखा स्थितिप्रिय पक्ष भारतात उभा राहत आहे असे अनेकांस वाटले. मसानी स्वतःस उदारमतवादी म्हणवीत, आणि ते अयोग्य नव्हते. परंतु पक्ष एकट्या मसानींचा नव्हता. राजाजींचा स्थितिवाद धर्मावर उभा होता, जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी व बिहारातील रामगढचे राजे यांचा गतवैभवावर, रंगांचा शेतकऱ्याच्या जमिनीवरील मालकीवर. या सर्वांना एकत्र बांधणारा धागा एकच होता : राज्यसत्तेने मालमत्तेस हात लावू नये.

पैशाचा प्रश्न तर अधिकच बोधप्रद आहे. १९५७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रकात बदल करण्याची अनुमती मागितली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छागला यांनी ती दिली, पण अशा देणग्यांपासून लोकशाहीस धोका आहे असा इशाराही दिला. तेव्हा स्वतंत्र पक्ष अस्तित्वातही नव्हता. देणगी घेणारा प्रमुख पक्ष काँग्रेसच होता. पुढे जे. आर. डी. टाटा यांनी स्वतंत्र पक्षासही साहाय्य करण्याचा आपला विचार पं. नेहरूंना कळविला, परंतु काँग्रेसला देणे थांबविले नाही. परवाने आणि परकीय चलन ज्यांच्या हाती, त्यांना दुखविणे कोणत्या कारखानदारास परवडणार होते? १९६९ साली कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर बंदी आली.

१९६२ च्या निवडणुकीत पक्षाला लोकसभेत १८ जागा मिळाल्या. मसानी तेव्हा लोकसभेत पोहोचू शकले नाहीत. १९६३ च्या पोटनिवडणुकीत ते राजकोटहून विजयी झाले. या विजयामागे भाईलालभाई पटेल यांनी उभी केलेली गुजरातची संघटना होती. पाटीदार आणि क्षत्रिय या दोन समाजांची एकजूट तिचा पाया होती. दोहोंच्या आद्याक्षरांवरून तिला 'पक्ष' असे म्हणत. सौराष्ट्रात या एकजुटीस विशेष अर्थ आहे. १९५१ च्या जमीनसुधारणेने तेथे गिरासदारांची जमीन कुळांकडे गेली होती. ज्याची जमीन गेली तो क्षत्रिय आणि ज्याला ती मिळाली तो पाटीदार, हे दोघे एकाच उमेदवारास मत देऊ लागले; एकाला गेलेल्याचे दुःख, दुसऱ्याला मिळालेले जाईल ही धास्ती.

महाराष्ट्रात मात्र हे घडले नाही, आणि पक्षाचे मोठे कार्यालय मुंबईत असताना घडले नाही, हे विशेष. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभारलेल्या साखर कारखान्यानंतर येथील बागाईतदाराच्या लेखी 'सहकार' या शब्दाचा अर्थ जमीन गमावणे असा उरला नव्हता. उसाला भाव मिळणे असा झाला होता. शिवाय संयुक्त महाराष्ट्राचा लढा नुकताच संपला होता आणि मुंबईच्या धनिकांविषयी मराठी मनात कटुता होती. मसानींचे अर्थशास्त्र कितीही बिनचूक असले तरी ते या दारातून आत येणे कठीणच होते.

१९६७ साली पक्षाने ४४ जागा मिळविल्या आणि तो लोकसभेतील सर्वांत मोठा विरोधी पक्ष ठरला. मसानी पुन्हा राजकोटहून आले आणि लोकलेखा समितीचे अध्यक्षपद प्रथमच विरोधी सभासदाकडे, म्हणजे त्यांच्याकडे, आले. उद्योगसंस्थेत कमावलेली हिशेबाची शिस्त येथे खऱ्या अर्थाने उपयोगी पडली. त्यांच्या संसदीय कार्यातील हा भाग सर्वांत भरीव असून त्याकडेच अभ्यासकांचे सर्वांत कमी लक्ष गेले आहे.

१९७१ च्या लाटेत पक्ष ८ जागांवर आला. मसानी राजकोटला पराभूत झाले. १९७४ साली पक्षाचा बराचसा भाग चरणसिंगांच्या भारतीय लोकदलात विलीन झाला. नागपूरच्या ठरावास १९५९ साली खुद्द काँग्रेसच्या अधिवेशनात उघड विरोध करणारे नेते हेच चरणसिंग होत.