पेल्यावरची झाकणी

राजेलोकांच्या नावावर जगात पुष्कळ गोष्टी खपतात. जुने तळे दिसले की ते अमक्या राजाने बांधले, एखादा पदार्थ रुचकर लागला की तो तमक्या महाराजांच्या मुदपाकखान्यातला, असे सांगितल्यावाचून आपले समाधान होत नाही. स्पेन देशातल्या ‘तापा’ नावाच्या खाद्यप्रकाराचेही असेच झाले आहे. तापा म्हणजे झाकण. ‘तापार’ म्हणजे झाकणे, त्यावरून हा शब्द. मद्याच्या पेल्यावर झाकणीसारखी ठेवलेली मांसाची चकती किंवा चिजाचा तुकडा, हा त्याचा मूळ अर्थ. पुढे पेल्याबरोबर येणाऱ्या कोणत्याही लहानशा बशीला तेच नाव पडले. आज ‘तापास’ खायला जाणे हा तिथल्या माणसांचा नित्याचा विरंगुळा आहे.

या झाकणीच्या जन्माच्या दोन कथा सांगतात आणि दोन्हींत राजा आहे. पहिली तेराव्या शतकातली. कास्तीलचा राजा दहावा आल्फोन्सो, ज्याला लोक ‘शहाणा’ म्हणत, एकदा आजारी पडला. वैद्यांनी सांगितले, द्राक्षासव घ्यावे, पण दर घोटाबरोबर एकेक घास पोटात जावा. राजा बरा झाला आणि त्याने फर्मान काढले की, माझ्या राज्यातल्या कोणत्याही सराईत खाण्यावाचून नुसते मद्य देऊ नये. दुसरी कथा तेराव्या आल्फोन्सोची. हा राजा १९३१ साली देश सोडून गेला. एकदा कादिझजवळ समुद्रकाठच्या ‘बेन्तोर्रियो देल चातो’ या जुन्या खानावळीत तो उतरला असता वारा सुटला. वाळू पेल्यात पडू नये म्हणून वाढप्याने पेल्यावर मांसाची एक चकती ठेवली. राजाला कल्पना आवडली. चकती खाऊन तो म्हणाला, “आणखी एक पेला आण, आणि झाकणीसकट आण!”

कथा गोड आहेत, पण इतिहासाच्या पाटीवर त्या टिकत नाहीत. दहाव्या आल्फोन्सोने १२५२ ते १२८४ राज्य केले. त्याच्या काळी ‘तापा’ हा शब्द या अर्थाने कुठे आढळत नाही आणि ते फर्मानही कोणी दाखवलेले नाही. तेरावा आल्फोन्सो त्या खानावळीत गेला असेलही. परंतु अंदालुसिया प्रांतातल्या साध्या दुकानांतून ही रीत आधीच रुळलेली होती. मग झाकणी ठेवली कोणी?

याचे उत्तर एका शब्दकोशात सापडते. स्पेनच्या राजमान्य भाषामंडळाने १९३६ च्या कोशात ‘तापा’चा हा अर्थ दिला. तो देताना ही झाकणी कुठे मिळते तेही सांगितले: किराणा मालाची दुकाने, गुत्ते, आणि ‘मोंतान्येस’ लोकांची दुकाने. हे मोंतान्येस म्हणजे डोंगरातले लोक. स्पेनच्या उत्तरेला सान्तान्देरच्या आसपास डोंगराळ मुलूख आहे. तिथली कोवळी पोरे शेकडो मैल दक्षिणेला, सेव्हिल आणि कादिझ या शहरांत, एखाद्या नातलगाच्या दुकानी नोकरीला येत. कादिझमध्ये अशा पोराला ‘चिकूको’ म्हणत. दिवसभर राबायचे, रात्री दुकानातच अंग टाकायचे आणि पैसा पैसा साठवून एक दिवस स्वतःचे दुकान थाटायचे, असा त्यांचा क्रम. दुकानाच्या एका बाजूला तेल, डाळी, मसाले, छताला टांगलेल्या खारवलेल्या मांड्या; दुसऱ्या बाजूला मद्याची पिंपे. सामान घ्यायला आलेला गिऱ्हाईक एक पेला घेई. मागच्या फळीवर चीज आणि ऑलिव्ह होतेच. वाणी एक चकती कापून पेल्यावर ठेवी. माश्या दूर राहत, गिऱ्हाईक खूश होई, आणि चकती खारट असल्यामुळे त्याला पुन्हा तहान लागे! यात औदार्य किती आणि व्यापार किती, हे वाचकांनीच ठरवावे. खारट खाऊन तहान चाळवण्याची युक्ती मात्र जुनीच आहे. सर्व्हान्तेसच्या ‘दोन किहोते’च्या १६१५ साली निघालेल्या दुसऱ्या भागात सांचो पान्सा काही यात्रेकरूंबरोबर रस्त्याकडेला बसून अशाच तहान वाढवणाऱ्या चिजा खातो.

अशा दुकानांपैकी एक सेव्हिलमध्ये अजून उभे आहे. त्याचे नाव ‘एल रिन्कोन्सियो’, म्हणजे ‘छोटा कोपरा’. सान्ता कातालिना या देवळासमोरच्या कोपऱ्यावर ते १६७० सालापासून आहे. १६७० म्हणजे तानाजीने सिंहगड घेतला ते साल! १८५८ पासून, म्हणजे इकडे कंपनी सरकार जाऊन राणीचे राज्य आले त्या वर्षापासून, हे दुकान दे रुएदा या एकाच घराण्याकडे चालत आले आहे.

या दुकानाची एक रीत खडूवर पोट भरणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराला फार भावते. गिऱ्हाईक उभ्याने खातो. त्याने काय घेतले त्याचा हिशेब वाढपी त्याच्या समोरच, काउंटरच्या लाकडावर, खडूने मांडतो. एक बशी झाली, एक आकडा. दुसरी झाली, दुसरा आकडा. जाताना बेरीज, पैसे, आणि फडक्याचा एक हात. लाकूड पुन्हा कोरे. हिशेब दोघांच्या डोळ्यांदेखत असल्यावर वादाला जागा उरत नाही.

इथली नावाजलेली बशी म्हणजे पालक आणि हरभरे. पालक अरबांबरोबर स्पेनला गेला. हरभऱ्याशी त्याचे लग्न लागले ते ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या व्रतकाळात, कारण तेव्हा मांस वर्ज्य असे. लसूण, ऑलिव्हचे तेल, आणि वर जिरे! जिऱ्याचा वास आला की आपल्यापैकी कोणालाही तिथे परके वाटणार नाही. शेजारी खारवलेला कॉड मासा पिठात बुडवून तळलेला असतो. तोही मूळचा उपासाचाच.

आपल्याकडे गुत्ता म्हटले की घरातली माणसे कपाळाला आठ्या घालतील. पण ही दुकाने त्या अर्थाने गुत्ते नव्हेत. स्पेनमध्ये दुपारचे जेवण दोनच्या पुढे आणि रात्रीचे नऊ-दहाला होते. मधला वेळ भुकेचा आणि गप्पांचा. आजोबा-आजी, नातवंडे, कामावरून सुटलेले कारकून सगळे येतात. एका दुकानात एकच बशी घ्यायची, उभ्याउभ्या खायची, आणि पुढच्या दुकानात जायचे. या फेरीचे पैसे एकाने दिले तर पुढच्या फेरीचे दुसऱ्याने. ग्रानादा, आल्मेरिया, लिओन या गावांत तर पेल्याबरोबरची बशी आजही फुकट येते. पोरे संत्र्याचा रस पितात आणि मोठ्यांच्या बशीतले ऑलिव्ह पळवतात.

जिथे माणसे रोज जमतात तिथे गप्पांतून आणखीही काही निपजते. माद्रिदच्या मध्यवस्तीत १८६० साली निघालेले ‘कासा लाब्रा’ हे असेच एक दुकान आहे. कॉड माशाचे तळलेले तुकडे हे त्याचे वैशिष्ट्य. २ मे १८७९ रोजी तिथे पंचवीस माणसे जेवायला जमली. बहुतेक छापखान्यातले खिळे जुळवणारे, काही डॉक्टर. त्यांचा पुढारी पाब्लो इग्लेसियास हाही खिळे जुळवणाराच. सरकारचा डोळा चुकवून सभा भरवायची, तर जेवणाचे निमित्त बरे! त्या जेवणात स्पेनच्या समाजवादी कामगार पक्षाचा जन्म झाला आणि १९८२ साली त्याच पक्षाने देशाची सत्ता मिळवली. तिथेही एक झाकणीच होती म्हणायची. फक्त ती पेल्यावर नव्हती, सभेवर होती.

तापासच्या काउंटरवर हमखास दिसणारी आणखी एक वस्तू म्हणजे बटाटे आणि अंडी घालून केलेली जाड ‘तोर्तिया’. तिच्या मागेही एक सेनापती उभा केलेला आहे. १८३५ सालच्या यादवी युद्धात सेनापती सुमालाकार्रेगी एका गरीब बाईच्या घरी उतरला. तिच्याजवळ अंडी, बटाटे आणि कांदा एवढेच होते. तिने ते एकत्र करून तव्यावर टाकले, अशी कथा आहे. पण एस्त्रेमादुरा प्रांतात १७९८ च्या सुमारास बटाट्याच्या तोर्तियाचा उल्लेख सापडतो, आणि तो गरिबांच्या भुकेवरचा उपाय म्हणून. नवारा प्रांतातल्या १८१७ च्या एका अर्जात शेतकऱ्यांनी आपल्या हलाखीचे वर्णन केले आहे. दोन-तीन अंड्यांत पाच-सहा माणसांचे भागवायचे, म्हणून आमच्या बायका बटाटे नाहीतर पावाचे तुकडे घालून तोर्तिया मोठी नि जाड करतात, असा त्याचा आशय. सेनापतीच्या कथेत तरी एक बाई आहे, पण तिला नाव नाही. अर्जातल्या बायकांनाही नावे नाहीत. आणि त्यांच्या हातचा पदार्थ मात्र आज स्पेनच्या प्रत्येक काउंटरवर आहे.

हा बटाटा आपल्याही ओळखीचा. अमेरिकेतून तो स्पेनला आला आणि सेव्हिलच्या एका इस्पितळाने १५७३ साली तो विकत घेतल्याची नोंद त्याच्या वहीत आहे. ‘बटाटा’ हा आपला शब्द पोर्तुगिजांकडून आला आणि मिरचीही त्यांच्याच गलबतांतून इकडे पोचली. १५८० ते १६४० या साठ वर्षांत स्पेन आणि पोर्तुगाल यांचा राजा एकच होता. म्हणजे तेवढा काळ गोव्याचा कारभारही माद्रिदच्या राजाच्या नावाने चाले. एका मिरचीने किती दर्यावर्दीपणा केला आहे पाहा!

पुढे भुकेचे दिवस आले. १९३६ ते १९३९ या यादवी युद्धाने देश होरपळला, आणि त्यानंतर १९५२ पर्यंत रेशनकार्डाचे राज्य होते. इग्नासी दोमेनेक या नामांकित आचाऱ्याने १९४१ साली टंचाईच्या स्वयंपाकावर एक पुस्तक काढले. त्यात बटाटे आणि अंडी दोन्ही नसलेल्या तोर्तियाची कृती आहे! संत्र्याच्या सालीखालचा पांढरा गर बटाट्याच्या जागी, आणि पीठ-पाणी कालवून अंड्यांच्या जागी. हसू येते, आणि मग हसू थांबते. त्या काळात बड्या खानावळींचे टेबल काळ्या बाजारावर सजत असेल. गल्लीतल्या काउंटरला मिळेल त्यातूनच बशी भरावी लागे. बशी आणखी लहान झाली, पण रीत मोडली नाही.

त्याच टंचाईत उत्तरेकडच्या सान सेबास्तिआन गावी एक गमतीचा घास जन्मला. लाकडी काडीवर एक ऑलिव्ह, व्हिनेगरात मुरवलेली हिरवी मिरची आणि आंचोवी नावाची खारवलेली छोटी मासळी. मान दिला जातो तो ‘कासा वाय्येस’ या दुकानाला. १९४६ साली निघालेल्या ‘गिल्दा’ या अमेरिकन बोलपटातली रिटा हेवर्थ धर्मगुरूंना फार खटकली होती. गिऱ्हाइकांनी या घासालाच ‘गिल्दा’ म्हटले, कारण तोही तिच्यासारखाच तिखट आणि खट्याळ! आता ही काडी नीट पाहावी. मिरची अमेरिकेची. आंचोवी स्पेनच्याच समुद्रातली, पण ती खारवण्याची कला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिसिलीहून आलेल्या कारागिरांनी त्या किनाऱ्यावर रुजवली. ते मासळी घ्यायला आले आणि तिथल्याच मुलींशी लग्ने करून राहिले. या एवढ्याशा काडीला कोणत्याही राजाचा हात लागलेला नाही.

बार्सेलोनाच्या पोब्ले सेक वस्तीत १९१४ सालापासून ‘किमेत इ किमेत’ हे दुकान आहे. किमेत हे जुआकिम या नावाचे लाडके रूप. खोली चिंचोळी, बसायला जागा नाही, भिंती छतापर्यंत बाटल्यांनी भरलेल्या. चूल जवळजवळ नाहीच. डबाबंद मासळी, चीज, मध अशा जिनसांची पावाच्या कुरकुरीत तुकड्यावर जुळणी करायची, एवढीच कला. त्याच घराण्याची चौथी पिढी तिथे उभी राहिली. मूळचा वाणी आणि त्याची फळी पाहायची, तर ती इथे जवळजवळ जशीच्या तशी दिसते.

पण अशी दुकाने आता थोडी राहिली आहेत. स्पेनमध्ये जुन्या दुकानांची भाडी कायद्याने बांधलेली होती. १९९४ च्या कायद्याने दिलेली वीस वर्षांची सवलत २०१४ अखेर संपली आणि बार्सेलोना, माद्रिदसारख्या शहरांत कितीतरी जुनी दुकाने एका नव्या आकड्यापुढे हतबल होऊन बंद झाली. २०२४ साली त्या देशात नऊ कोटींहून अधिक परदेशी पाहुणे आले. पाहुण्यांमुळे गल्ला भरतो, हे खरे. पण गल्ली पाहुण्यांनी भरली की घरांची भाडी चढतात, शेजारी राहायला दूर जातात, आणि रोज येणारा जुना गिऱ्हाईक दिसेनासा होतो. घरातला मुलगा शिकला, तर सोळा तास उभे राहण्याची त्याला हौस नसते, आणि त्यात त्याला दोष कोणी द्यावा? मग रिकाम्या जागी एखादी कंपनी येते, जुन्यासारखी दिसणारी नवी पिंपे मांडते, आणि भिंतीवर राजाची गोष्ट रंगवते.

नुकसान होते ते इथे. राजाची कथा कोणीही भिंतीवर रंगवू शकतो. तिला वारस लागत नाही. पण पालकात जिरे केव्हा पडावे, कोणत्या गिऱ्हाइकाला काय मानवते, कोणाकडून या महिन्यात पैसे मागू नयेत, हे ज्ञान कोणत्याही दप्तरात नाही. ते बापाने काउंटरमागे उभे राहून मुलाला आणि आईने चुलीपाशी मुलीला दिलेले असते. डोंगरातून आलेल्या त्या चिकूकोंनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत. नवाराच्या त्या बायकांनी आपल्या तोर्तियावर नाव घातले नाही. त्यांचा इतिहास खडूने लाकडावर लिहिलेला आहे, आणि फडके फिरवणारा हात कोणाचा, यावर त्याचे आयुष्य अवलंबून आहे. घरच्या माणसाचा हात असेल तर लाकूड पुसले जाते ते पुढच्या आकड्यासाठी. सेव्हिलच्या त्या कोपऱ्यावर तरी अजून रोज संध्याकाळी नवे आकडे मांडले जात आहेत.