विरणारी गाठ आणि न पुसलेला शिक्का

मेंदूत कृमी शिरून फिट येऊ लागल्या की त्या जन्मभराच्या, असे डॉक्टरही बराच काळ धरून चालत. माझ्या मते हा निकाल रोगाने दिलेला नव्हता. कोणते रुग्ण डॉक्टरांच्या नजरेस पडले, त्यावरून तो लागला होता. १९३०च्या दशकात ब्रिटिश लष्करातले कर्नल मॅकआर्थर यांनी फिट येणारे सैनिक नव्याने तपासले. त्यांतले बरेच हिंदुस्थानात नोकरी करून परतलेले. कोणावर साध्या अपस्माराचा शिक्का होता, कोणावर हिस्टेरियाचा. कातडीखालच्या बारीक गाठी आणि स्नायूंचे एक्स-रे यांवरून मॅकआर्थर यांनी दाखवले की अनेकांच्या शरीरात डुकराच्या पट्टकृमीच्या अळ्या घर करून आहेत, आणि फिटचे मूळ तेच आहे. १९६१ साली डिक्सन आणि लिप्सकोम यांनी अशा ४५० रुग्णांचा अहवाल छापला. त्यांतल्या दहापैकी नऊहून अधिक जणांना फिट येत होत्या. आकडा भयंकर खरा, पण त्या यादीत नाव लागायला आधी फिट किंवा हाताला लागणारी गाठ हवी. मेंदूत एकच अळी, आयुष्यात एकच फिट, असा माणूस त्या काळी ओळखायचा तरी कशाने?

ती सोय सीटी स्कॅनने केली. १९८७ साली पुण्याच्या डॉ. आर. एस. वाडिया आणि सहकाऱ्यांनी फिटच्या भारतीय रुग्णांच्या स्कॅनवर दिसणाऱ्या कड्यासारख्या, चकतीसारख्या डागांचे वर्णन प्रसिद्ध केले. आपल्याकडे असा डाग दिसला की पहिला संशय क्षयाच्या गाठीवर. महिनोन्‌महिने क्षयाची औषधे चालत, पुढच्या स्कॅनमध्ये डाग गायब होई आणि श्रेय औषधाला मिळे. मग नुसत्या फिटच्या गोळ्यांवर ठेवलेल्यांचेही डाग विरताना दिसले. वेल्लोरच्या चांडी, राजशेखर आणि सहकाऱ्यांनी अशा लहान गाठी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा बहुतेकींत मरू घातलेली अळीच निघाली. गाठ विरल्यावर पुष्कळ जणांच्या गोळ्या बंद करता आल्या, आणि फिट परतल्या नाहीत.

यावर कोणी म्हणेल, सैनिकांच्या शरीरात अळ्या ढिगाने होत्या, या रुग्णांत एकच, तुलनाच चुकीची. तुलना चुकीची आहे हे मान्य, आणि म्हणूनच एकांचा निकाल दुसऱ्यांना लावणेही चुकीचे होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गाठीच्या जागी चुन्याचा खडा उरला, किंवा आधी दोनपेक्षा जास्त फिट येऊन गेल्या, तर गोळ्या थांबवल्यावर त्या परतण्याचा धोका वाढतो. हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूच्या मेंदूज्वरात तर मेंदूचा भागच नासतो, आणि त्यानंतरच्या फिट चिवट असतात. मेंदूच्या संसर्गाचे सरसकट भाकीत नसते. कोणता जीव, किती गाठी, मागे काय उरले, हे पाहावे लागते.

कायद्याने मात्र यातले काहीच पाहिले नाही. वारंवार येणाऱ्या फिट, मग कारण कोणतेही असो, १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात लग्नाला अपात्र ठरवणारी बाब झाल्या. कायद्यातला अपस्मार हा शब्द १९९९ साली वगळला गेला.