विषमात्रेची रंगखूण

कीटकनाशकाच्या डब्यावरील, टोकावर उभा केलेला दुरंगी चौकोन. कीटकनाशके नियम, 1971 नुसार तो बंधनकारक आहे. चाचणीतील निम्मे प्राणी ज्या मात्रेने मरतात, ती मात्रा प्रयोगशाळा शरीराच्या दर किलो वजनामागे मिलिग्रॅममध्ये मोजते. आकडा जितका लहान, तितके विष जहाल. हा उलटा हिशेब शेतकऱ्याला रंगातून कळतो. चौकोनाच्या खालच्या अर्ध्यात लाल रंग असल्यास विष अतितीव्र (तोंडावाटे 1 ते 50 मि.ग्रॅ.), त्याखालोखाल पिवळा, निळा, हिरवा. लाल गटात वर कवटी व हाडांचे चित्रही असते. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे.

दारव्हा तालुक्यातील बोरी अरबसारख्या कापूस पिकवणाऱ्या गावांत ही खूण समजणे जीवनमरणाचा प्रश्न आहे. 2017 च्या हंगामात याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जण दगावले. खुणेची मर्यादाही मोठी आहे: दोन-तीन औषधे एकत्र कालवली, तर त्या मिश्रणाचा रंग कोणत्याच डब्यावर नसतो. शिवाय डबा बहुधा मालकाच्या घरी राहतो आणि पंप मजुराच्या पाठीवर. त्यामुळे रंगांचा अर्थ फवारणाऱ्याला बांधावरच, त्याच्या बोलीत सांगणे अत्यावश्यक ठरते.