पैसे भरणाऱ्याच्या दाराला कुलूप

आमच्या प्रयोगशाळेत एक जुना वर्णपटमापक आहे. त्यातला दिवा, जाळी, प्रकाश मोजणारी नळी, सारे काही ठीक आहे. तो चालवणारी आज्ञावली मात्र एका अटीवरच सुरू होते. संगणकाच्या पाठीमागे, प्रिंटरच्या खाचेत, काडेपेटीएवढी एक प्लॅस्टिकची ‘किल्ली’ खोचलेली असावी लागते. आज्ञावलीची चोरी होऊ नये म्हणून ही सोय. काही वर्षांपूर्वी ती किल्लीच बिघडली, आणि बनवणारी कंपनी तोवर बंद पडलेली होती. रीतसर निविदा काढून, पैसे मोजून घेतलेले यंत्र आमच्याच टेबलावर मुके होऊन बसले. एका विद्यार्थ्याने कुठूनशी किल्ली न मागणारी प्रत आणली. ती पहिल्याच झटक्यात चालली!

चोराचे चालते आणि गिऱ्हाइकाचे अडते, हे कसे? या प्रश्नाचा माग काढत गेलो तर तो आम्हाला थेट व्हिडिओ गेमच्या इतिहासात घेऊन गेला. शिक्षकांना हा विषय वर्गाबाहेरचा वाटेल, पण त्यात प्रकाशशास्त्रापासून कायद्यापर्यंत बरेच काही दडलेले आहे.

चोरीची तक्रार खोटी नव्हती, हे आधीच सांगायला हवे. फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्स यांनी संगणकाच्या छंदिष्टांना एक खुले पत्र लिहिले होते. आमची आज्ञावली वापरणारे पुष्कळ, विकत घेणारे थोडे, असा त्याचा सूर होता. पुस्तकाची नक्कल करायला कागद आणि श्रम लागतात, आज्ञावलीची नक्कल जवळजवळ फुकट होते. १९८० च्या दशकात ब्रिटनमधल्या मुलांकडे झेडएक्स स्पेक्ट्रम नावाचा स्वस्त घरगुती संगणक असे. त्याचे खेळ साध्या गाण्याच्या कॅसेटवर विकले जात. दोन टेपरेकॉर्डर जोडले की झाली दुसरी कॅसेट तयार. महिनोन्महिने खपून खेळ लिहिणाऱ्याच्या पोटावर त्यामुळे पाय येई.

मग प्रकाशकांनी असा विचार केला, की कॅसेटची नक्कल होते तर होऊ दे. नक्कल करता येणार नाही अशी एखादी वस्तू खोक्यात घालू. ‘जेट सेट विली’ (१९८४) या खेळाबरोबर रंगीत चौकोनांचा एक तक्ता येई. अमुक घरातले रंग सांगा, मगच खेळ सुरू. रंगीत छायाप्रती तेव्हा सहज निघत नसत. युक्ती छानच, पण युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण १२ जणांत एकाला रंगांधत्वाचा काही ना काही दोष असतो. असा मुलगा तो तक्ता हातात घेऊन काय करणार? दुसऱ्या बाजूला, चिकाटीचा मुलगा रंगीत पेन्सिली घेऊन बसला तर अख्खा तक्ता हाताने उतरवून काढी. पुढे १९८९ च्या ‘सिमसिटी’ने तांबूस गडद कागदावर गडद शाईने खुणा छापल्या. छायाप्रतीच्या यंत्राला त्या दिसत नसत. दिव्याच्या उजेडात माणसालाही त्या धड दिसत नसत, ही गोष्ट वेगळी.

आम्हाला सर्वांत आवडलेले कुलूप म्हणजे ‘लेन्सलॉक’. ‘एलिट’ हा अंतराळातल्या व्यापाराचा गाजलेला खेळ १९८५ मध्ये स्पेक्ट्रमवर आला, तेव्हा खोक्यात प्लॅस्टिकची एक घडीची चौकट निघाली. चौकटीत उभे लोलक शेजारी शेजारी बसवलेले. पडद्यावर दोन अक्षरे उमटत, पण त्यांच्या उभ्या पट्ट्या कापून त्यांची जागा बदललेली असे. नुसत्या डोळ्यांना तो निव्वळ गिचमिडा दिसे. चौकट पडद्यासमोर योग्य अंतरावर धरली की प्रत्येक लोलक आपापली पट्टी वाकवून जागच्या जागी आणी आणि अक्षरे वाचता येत. ती टंकली की खेळ सुरू होई.

याचा चुलतभाऊ शाळेत करून पाहता येईल. परीक्षानळी पाण्याने काठोकाठ भरा, बूच लावा आणि उभी धरा. कागदावर एक अक्षर आरशातल्यासारखे उलटे लिहा, नळीच्या व्यासापेक्षा लहान. नळी कागदापासून पाच-सहा सेंटीमीटर दूर नेऊन हातभर अंतरावरून पाहा. अक्षर सुलटे दिसेल, कारण भरलेली नळी हे उभे दंडगोलाकार भिंगच आहे. आता नळी कागदाला चिकटवा. अक्षर पुन्हा उलटे! अंतर चुकले की संदेश गेला. लेन्सलॉकची खरी अडचण इथेच होती. लोलकांची रुंदी ठरलेली, पण घरोघरचे टीव्ही निरनिराळ्या आकाराचे. म्हणून आधी पडद्यावरची आकृती चौकटीच्या मापाला जुळवून घ्यावी लागे. टीव्ही फार मोठा किंवा फार लहान असला तर ती जुळतच नसे. त्यातून काही खोक्यांत भलत्याच खेळाची चौकट गेली. कॅसेटवरून खेळ चढायला चार-पाच मिनिटे लागत, आणि एवढे थांबून पैसे भरलेला मुलगा एक डोळा मिटून गिचमिड्याकडे पाहत बसे.

चोराला मात्र चौकट लागतच नव्हती. तपासणी कितीही चतुर असो, तिचा शेवट आज्ञावलीत एका प्रश्नावर होतो: उत्तर बरोबर आहे का? असेल तर पुढे जा, नसेल तर थांब. ही एक आज्ञा शोधून ‘काही झाले तरी पुढे जा’ अशी बदलली की कुलूप निकामी. हे काम जगात एकाच हुशार माणसाने एकदाच करायचे, बाकीच्यांनी त्याची नक्कल उतरवून घ्यायची. प्रामाणिक गिऱ्हाइकाला मात्र कुलूप दर वेळी उघडावे लागते. आमच्या मते साऱ्या इतिहासाची मेख या विषमतेत आहे.

यंत्रातच बसवलेले कुलूपही यातून सुटले नाही. निन्टेन्डोने १९८५ मध्ये अमेरिकेत आपले खेळयंत्र आणले, त्यात आणि प्रत्येक अधिकृत कार्ट्रिजमध्ये एकेक छोटी चिप होती. दोन्ही चिपा एकच अंकमालिका तयार करत. मालिका जुळली नाही की यंत्रातली चिप खेळ पुन्हा पुन्हा मुळापासून सुरू करी, आणि दिवा लुकलुकत राही. परवानगीशिवाय कोणी कार्ट्रिज बनवू नये हा हेतू. पण कार्ट्रिज बसवायच्या खाचेतल्या पिना वापराने वाकत, मळत. स्पर्श जरा कच्चा झाला की चिपांचा संवाद तुटे आणि अस्सल कार्ट्रिजही ‘नकली’ ठरे. प्रतिस्पर्ध्यांनी विजेचा झटका देऊन चिप गुंगवण्याची युक्ती शोधली. अटारी गेम्सने तर अमेरिकी कॉपीराइट कार्यालयातून खोटे कारण सांगून चिपच्या आज्ञावलीची प्रतच मिळवली, आणि ते प्रकरण न्यायालयात गेले. १९९३ मध्ये निन्टेन्डोने यंत्राची नवी घडण काढली, तीत ही चिप नव्हतीच.

आपल्याकडे १९९० च्या दशकात घराघरांत आलेले ‘टीव्ही गेम’ बहुतेक याच यंत्राच्या जपानी भावंडाच्या नकला होत्या, आणि त्या मूळ जपानी यंत्रात कुलूप नव्हते. त्यामुळे लुकलुकणारा दिवा आपल्या मुलांना माहीत नाही. ‘कॅसेट’वर फुंकर मारणे मात्र दोन्हीकडे सारखेच. (फुंकरीतल्या ओलाव्याने पिना उलट गंजतात. कॅसेट काढून परत बसवल्याने स्पर्श सुधारतो आणि श्रेय फुंकरीला मिळते!)

पुढे सीडी आल्या आणि कुलूप विंडोजच्या गाभ्याशी जाऊन बसले. ‘सेफडिस्क’ या पद्धतीचा एक भाग विंडोजबरोबरच येत असे. २००७ मध्ये त्यातच सुरक्षेचे भोक सापडले, म्हणजे ज्यांनी एकही खेळ घेतला नव्हता त्यांचे संगणकही धोक्यात आले. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने नव्या विंडोज १० मधून तो भाग वगळला आणि जुन्या आवृत्त्यांतही बंद केला. सुरक्षेच्या दृष्टीने हे योग्यच झाले, पण कपाटातल्या कित्येक अस्सल सीडी त्या दिवशी निरुपयोगी ठरल्या.

इंटरनेट आल्यावर तर परवानगी दूरच्या संगणकाकडून येऊ लागली. ‘स्पोअर’ (२००८) फक्त तीन वेळा बसवता येत असे. ओरड झाल्यावर पाच. मार्च २०१० मध्ये यूबीसॉफ्टच्या ‘असॅसिन्स क्रीड २’ला खेळताना सतत इंटरनेटची जोडणी लागे, मग घरात एकटे का खेळत असाना. त्याच महिन्यात कंपनीच्या संगणकांवर हल्ला झाला आणि पैसे भरलेले लोक बाहेर ताटकळले. २०१२ मध्ये कंपनीने ही अट सोडल्याचे सांगितले. पण तिच्याच ‘द क्रू’ या २०१४ च्या खेळाचे संगणक ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाले आणि विकत घेतलेला खेळ कायमचा संपला.

आपला कायदा काय म्हणतो? भारताच्या कॉपीराइट कायद्याचे ५२ वे कलम आज्ञावलीच्या धन्याला, ती हरवू वा बिघडू नये म्हणून तात्पुरती राखीव प्रत काढू देते. २०१२ मध्ये आलेले ६५अ हे कलम कुलूप तोडण्याला शिक्षा सांगते, मात्र हक्कभंगाचा हेतू असेल तर. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यापेक्षा हे पुष्कळ समंजस आहे.

हे सगळे आम्ही विभागाच्या बैठकीत मांडले. अर्धे लोक म्हणाले, यंत्र आपले, आज्ञावलीचे पैसे भरलेले, वापरा ती प्रत. उरलेले म्हणाले, अनोळखी माणसाने फेरफार केलेल्या आज्ञावलीने मोजलेले आकडे शोधनिबंधात कसे छापायचे? या दुसऱ्या आक्षेपाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. वर्णपटमापकाला मागच्या बाजूला विद्युतदाब मोजायची एक जोडणी सापडली. आता विद्यार्थी तिथे बहुमापक लावतात, तरंगलांबीची चकती हाताने फिरवतात आणि आलेखाच्या कागदावर एकेक बिंदू मांडतात. एका वर्णपटाला दीड तास लागतो.