शय्याव्रण

अंथरुणाला खिळलेल्या किंवा चाकाच्या खुर्चीत बसून राहणाऱ्या रुग्णाच्या त्वचेवर सततच्या दाबाने होणारी जखम. हाड आणि गादी यांच्यात दबलेल्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो व पेशी मरतात. माकडहाड, खुबा, टाच आणि घोटा या जागा अधिक धोक्याच्या. पक्षाघात किंवा मज्जारज्जूच्या इजेत संवेदनाच नसल्याने रुग्ण कण्हतही नाही. घरच्यांना पत्ता लागतो तो चादरीवरच्या डागाने किंवा दुर्गंधीने. सावळ्या कातडीवर सुरुवातीची लाली दिसत नाही, म्हणून हाताने चाचपून गरमपणा व कडकपणा पाहावा.

वरून रुपयाएवढी दिसणारी जखम आतून तळहाताएवढी पोखरलेली असू शकते. उपचार न झाल्यास जंतू हाडापर्यंत पोचून अस्थिमज्जाशोथ होतो; रक्तात शिरल्यास जंतुदोषाने अवयव निकामी होतात. स्रावावाटे प्रथिने जाऊन रुग्ण खंगतो. वर्षानुवर्षे चिघळलेल्या व्रणात क्वचित कर्करोगही उद्भवतो. ‘सुपरमॅन’ची भूमिका करणारे क्रिस्टोफर रीव्ह यांचे 2004 मध्ये निधन झाले, तेव्हा त्यांच्यावर अशाच व्रणाच्या जंतुसंसर्गावर उपचार चालू होते.

साधारणतः दर 2 तासांनी कूस बदलणे, त्वचा कोरडी ठेवणे आणि प्रथिनयुक्त आहार हे मुख्य उपाय. लाल जागा चोळू नये; आतली इजा वाढते. काळा पडलेला भाग, पू, दुर्गंधी किंवा ताप दिसताच घरगुती लेप न लावता डॉक्टरांना दाखवावे.